एमईएमसाठी परदेशी जावं का? मामाचं घर तारण ठेवायची वेळ आली आहे (कळवा-रबाळे)

पारसिक_डोंगर
सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे वाचतोय दोन वर्षं, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कळव्यात राहतो, वय २६. मेकॅनिकलचा, मुंबई विद्यापीठ, २०२१ ला पास. सीजीपीए ७.९, तिसऱ्या सेमला मॅथ्सची एक केटी. रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. हातात ४१ हजार येतात.

एमईएम, म्हणजे मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट, हे नाव मला कुठल्या जाहिरातीतून कळलं नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे एका हॉस्पिटलची ऑर्डर होती. पॅनलचं फॅब्रिकेशन झालं, पावडर कोटिंग झालं, वायरिंगही झालं, आणि मग तो पॅनल अकरा दिवस एका जागी उभा राहिला. का, तर बसबारवर (वीज वाहणाऱ्या पट्टीवर) चढवायची हीट-श्रिंक स्लीव्ह स्टोअरमध्ये नव्हती. चाळीस रुपयांची वस्तू. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लिहिला होता, तो सही न होता ड्रॉवरमध्ये पडून होता. रोज सकाळी वायरमन त्या पॅनलपाशी यायचा, दार उघडून बघायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा. त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी चार वर्षं जे शिकलो त्यात या प्रकाराला नावच नाही. मशीन ठीक, माणसं ठीक, डिझाइन ठीक, तरी माल अडकतो. हे शिकवणारं काही आहे का म्हणून शोधायला लागलो आणि एमईएमपर्यंत पोचलो.

अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठाचं ॲडमिशन आलं आहे. दीड वर्षाचा कोर्स, फी आणि राहणं धरून ८२,००० डॉलर. आजच्या भावानं ७४ लाखांच्या आसपास. बाबा तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यांच्याकडचे आणि माझे मिळून २४ लाख उभे राहतात. ५० लाख कर्ज लागेल. आमच्या बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, त्यामुळे आमचं घर बँक घेत नाही. मामा माथाडी कामगार, वाशी मार्केटला. त्याचं कोपरखैरण्याला घर आहे. मी काही बोलायच्या आतच त्यानं कागद आणून आईच्या हातात दिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून.

डिपॉझिट भरायला १९ दिवस उरलेत. मला झोप लागत नाही. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.


वाशी_खाडीपूल
सोमवार, रात्री ११:५२

अभिनंदन आधी! ॲडमिशन मिळणं लहान गोष्ट नाही. सविस्तर उद्या लिहितो. तोवर एक करा, कोर्सची विषयांची यादी इथे टाका. नुसत्या डिग्रीच्या नावावरून कुणी काही सांगू शकणार नाही.


ऐरोली_सेक्टर_८
मंगळवार, सकाळी ७:१५

पारसिक, तुमची स्लीव्हची गोष्ट वाचली आणि ऑफिसला निघायच्या आधी लिहायला बसले.

मी २०१७ ला ड्यूकला एमईएमला गेले, नॉर्थ कॅरोलायनात. त्याआधी महापेला तीन वर्षं नोकरी केली होती. तिथल्या कोर्सचा ढाचा साधा आहे: चार विषय सक्तीचे, मार्केटिंग, फायनान्स, मॅनेजमेंट आणि बौद्धिक संपदा-व्यवसाय कायदा. बाकीचे तांत्रिक विषय आपण निवडायचे. वर इंटर्नशिप. म्हणजे निम्मं बिझनेसचं, निम्मं इंजिनिअरिंगचं. डार्टमथला थेयर या इंजिनिअरिंग स्कूलच्या जोडीला टक या बिझनेस स्कूलचेही विषय येतात. नॉर्थवेस्टर्न, कॉर्नेल, जॉन्स हॉपकिन्स, टफ्ट्स, प्रत्येकाचा घाट वेगळा. कुठे डेटा जास्त, कुठे प्रॉडक्ट, कुठे सप्लाय चेन. हा विषयही काही काल उगवलेला नाही. मिसुरीतल्या रोला इथं १९६७ मध्ये इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता. एमबीए आणि एमएस यांच्या मधलं हे काहीतरी आहे असं लोक म्हणतात, पण मधलं म्हणजे कमी नव्हे.

आता तुमच्या पॅनलबद्दल. ऑपरेशन्सच्या दुसऱ्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली. कारखान्यात अर्धवट पडलेली कामं भागिले रोज पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. बस. याला लिटल्स लॉ म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणितानं सिद्ध केला. बँकेतली रांग असो, दवाखाना असो, टोलनाका असो, सगळीकडे चालतो. माझ्या शेजारी बसलेला मुलगा थेट बीई करून आलेला, माझ्यापेक्षा हुशार. त्यानं सूत्र वहीत उतरवलं आणि पान उलटलं. मी पेन खाली ठेवलं. मला महापेचा आमचा शेड दिसायला लागला, प्रत्येक खांबाला टेकून ठेवलेले अर्धवट जॉब. तीन वर्षं आम्ही माणसं वाढवा, ओव्हरटाइम द्या म्हणत होतो, आणि करायचं होतं उलटं. शेडमध्ये नवीन जॉब सोडणं कमी करायचं होतं.

त्या वर्गात ज्यांनी आधी काम केलं होतं त्यांना कोर्स लागू पडला. बाकीच्यांना तो भराभर संपला असं वाटलं. हे मी नंतरच्या दोन बॅचच्या मुलांकडूनही ऐकलंय. तुमच्याकडे चार वर्षं आहेत, तेव्हा त्या बाजूनं तुम्ही तयार आहात.

दुसरी बाजूही सांगते. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, आणि कोर्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित) यादीत असेल तर आणखी २४. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिननोकरीचं राहता येत नाही. मी फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं, रोज एक दिवस खोडायचे. ६७ व्या दिवशी हॉस्पिटलची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत सप्लाय प्लॅनिंगला लागले. काम मनासारखं होतं. पण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत तीनदा नाव गेलं आणि तीनदा आलं नाही. वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी, आणि मागणारे कितीतरी पट. २०२२ ला परत आले. कर्ज ३२ लाखांचं होतं, ते २०२३ ला फिटलं, कारण तीन वर्षं डॉलरमध्ये फेडलं होतं.

आज पुन्हा महापेलाच आहे, वेगळ्या कंपनीत. गेल्याचा पश्चात्ताप नाही. पण माझ्या कर्जापायी कुणाचं घर तारण नव्हतं, आणि तो फरक फार मोठा आहे.


गोखले_रोड
मंगळवार, दुपारी १:०५

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज विभागातून निवृत्त झालो. नौपाड्यात असतो. चिरंजीव, आकडे मांडूया.

५० लाख, व्याज साधारण १०.५ टक्के धरू. शिक्षण आणि त्यानंतरची सवलत मिळून दोन वर्षं हप्ता नाही, पण व्याज चालू. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर दोन वर्षांचं सरळ व्याज १०.५ लाख. प्रत्यक्षात सेमिस्टरप्रमाणे रक्कम सुटते, त्यामुळे थोडं कमी होईल, पण हिशोब वाईट बाजूनंच करावा. म्हणजे फेड सुरू होताना ६०.५ लाख. १० वर्षांत फेडायचं तर हप्ता ८१,६०० रुपयांच्या आसपास, एकूण परतफेड ९८ लाख.

अमेरिकेत नोकरी असेल तर हा हप्ता महिना ९०० डॉलरच्या आसपास पडतो, तो निघतो. तुम्ही इथे परत आलात तर तो तुमच्या आजच्या पगाराच्या दुप्पट आहे. हा एवढाच प्रश्न मामांसमोर ठेवायचा आहे, बाकी सगळं दुय्यम.

आता मामांचं घर. सिडकोची जमीन बहुतेक भाडेपट्ट्यावर असते, मालकीची नसते. तारण ठेवायला सिडकोचं ना-हरकत पत्र लागतं. माथाडींसाठीच्या योजनेतलं घर असेल तर अलॉटमेंट लेटरमधल्या अटी आधी वाचा, हस्तांतरणाच्या अटी असतात. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची ना-हरकत, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअरचा अहवाल, एवढं सगळं लागेल. मूळ कागद बँकेत जमा करून तारण होतं तेव्हा महाराष्ट्रात ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे त्याची नोटीसही भरावी लागते. १९ दिवसांत हे होत नाही. झालं असं सांगणारा एजंट भेटला तर त्याच्याकडे पाठ फिरवा.

मामा नुसते जामीनदार होणार की सहकर्जदार, हे लेखी स्पष्ट करून घ्या. मामींची सही लागेल. मामींना कुणी विचारलं आहे का?

आणखी दोन गोष्टी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि कर्जातून थेट पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) लागत नाही. स्वतःचे पैसे पाठवताना १० लाखांची मर्यादा आहे, त्यापुढे लागतो. म्हणून कुठले पैसे कशासाठी वापरायचे ते आधी ठरवा.

आणि जे. एन. टाटा एंडोमेंटला अर्ज केलात का? १८९२ पासून ते परदेशी शिक्षणाला कर्जरूप शिष्यवृत्ती देतात. रक्कम सगळा खर्च भागवणारी नसते, पण मुलाखतीला जाऊन या. अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा, विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० त असावं लागतं. खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची वेगळी योजना आहे.


कोपरी_पूर्व
मंगळवार, रात्री ९:४०

मी एक आई म्हणून लिहिते आहे. मला तांत्रिक काही कळत नाही, पण एक गोष्ट आम्ही फार महागात शिकलो ती सांगते.

माझ्या मुलाला एमईएमच करायचं होतं. स्टेशनजवळच्या एका कन्सल्टंटनं सांगितलं, तुझ्या मार्कांना ते मिळणार नाही, हा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स घे, एकच गोष्ट आहे. फी भरली, मुलगा गेला. तिथे तीन महिन्यांनी त्याला सीनिअर मुलानं विचारलं, तुझ्या आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर) कोर्सचा कोड काय आहे? कोड होता ५२.०२११. तो स्टेममध्ये नाही. इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा १५.१५०१ आहे, तो स्टेममध्ये आहे. म्हणजे त्याच्या मित्रांना तीन वर्षं काम करता येणार आणि माझ्या मुलाला एकच. कंपन्या पहिल्याच फोनवर विचारायच्या, स्टेम आहे का? नाही म्हटलं की फोन बंद.

तो परत आला. आता तळोज्याला नोकरी करतो, आम्ही दोघं पेन्शनमधून हप्त्याला हात लावतो. तो घरात फारसं बोलत नाही. शनिवारी रात्री उशिरापर्यंत गॅलरीत उभा असतो, मी दार वाजवत नाही.

बाळा, तुझ्या कागदावरचा कोड आजच बघ. विद्यापीठाला ईमेल करून लेखी माग. आणि कुठल्याही कन्सल्टंटला विचार की त्याला विद्यापीठाकडून किती मिळतं.


पारसिक_डोंगर
मंगळवार, रात्री ११:१०

ताई, आत्ताच ईमेल केला. आय-ट्वेंटी डिपॉझिटनंतर येणार, पण कोड आधी कळवा म्हणून लिहिलंय. तुमच्या मुलाबद्दल वाचून काय बोलावं सुचत नाही. त्याला भेटायला आवडेल मला, त्याची इच्छा असेल तर.

काका, मामीला कुणी विचारलेलं नाही. मलाही हे सुचलं नव्हतं.


वाशी_खाडीपूल
बुधवार, सकाळी ८:३०

लिहितो म्हटलं होतं, लिहितो. मी जर्मनीत शिकलो, आता वाशीत आहे.

जर्मनीत या विषयाला विर्टशाफ्ट्स-इंजिनिअरवेझन म्हणतात आणि तिथे तो फार जुना, मानाचा विषय आहे. फी अमेरिकेच्या मानानं नगण्य. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी सेमिस्टरची थोडी वर्गणी. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. म्युनिकच्या टीयूएमनंही २०२४ च्या हिवाळ्यापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते आपलेच असतात, महिन्याला ९९२ सुटतात. ५० लाख कर्जाचा प्रश्नच येत नाही.

मग सगळे का जात नाहीत? पहिली अडचण क्रेडिटची. बऱ्याच विद्यापीठांना बॅचलरमध्येच बिझनेस आणि अर्थशास्त्राचे ठरावीक क्रेडिट हवे असतात, आणि आपल्या मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात ते एखाद-दुसऱ्या विषयापुरते. माझे तीन अर्ज याच कारणानं परत आले. सिलॅबसची पानं जोडून, कुठल्या विषयात काय शिकवलं ते एकेक लिहून चौथा केला, तेव्हा लागला. दुसरी, एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ते प्रमाणपत्र सक्तीचं आहे, वेळ हाताशी ठेवून अर्ज करा. तिसरी आणि सगळ्यात मोठी, भाषा. कोर्स इंग्रजीत असला तरी कारखान्याच्या जमिनीवर कुणी इंग्रजीत बोलत नाही. तुम्हाला जे काम करायचंय, वायरमनपाशी उभं राहून माल का अडला ते विचारायचं, ते बी-टू पातळीच्या जर्मनशिवाय जमणार नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. माझे त्यातले अकरा भाषेतच गेले.

तरी तुमच्या जागी मी असतो तर एक वर्ष थांबलो असतो, जर्मन शिकलो असतो आणि कर्ज न काढता गेलो असतो.


पवई_तलाव
बुधवार, दुपारी २:२०

इतकं लांब जायच्या आधी पवईकडे बघा. नीटी १९६३ ची संस्था, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग याच कामासाठी काढलेली. २०२३ पासून तिचं नाव आयआयएम मुंबई झालं. कॅट द्यावी लागते, तेवढंच. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनला तिथून उचलणाऱ्या कंपन्या आजही जातात. मी तिथलाच. फी तुमच्या ७४ लाखांच्या आसपासही नाही.


मूलुंड_चेकनाका
बुधवार, दुपारी ४:००

कॅनडाही बघा. ओटावा, अल्बर्टा इथं इंजिनिअरिंग मॅनेजमेंट आहे. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा कमी असलं तरी तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, हा नियम २०२४ ला आला. इंग्लंडला वॉरिक विद्यापीठाचा डब्ल्यूएमजी विभाग आहे, तिथे एक वर्षात होतं. पण तिथला पदवीनंतरचा मुक्काम १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांवरून १८ महिने केला आहे, ते धरून चला.


टीटीसी_१९९४
बुधवार, रात्री १०:१५

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३० वर्षं काढली. १९९४ ला ट्रेनी म्हणून लागलो, आज प्लांट हेड आहे. मुलाखती मी घेतो, म्हणून लिहितो.

परदेशातून एमईएम करून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात. मी त्यांना एकच विचारतो: तुझ्या हातानं कुठला माल लवकर बाहेर पडला? ज्याच्याकडे उत्तर असतं त्याच्याशी तासभर बोलतो. ज्याच्याकडे नसतं त्याची डिग्री कुठलीही असो, मला त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं, आणि तो मात्र पगार शिकलेल्याचा मागतो.

पारसिक, तुझ्याकडे तो पॅनल आहे. तू तो अकरा दिवस उभा बघितलास. मग काय केलंस? तुझ्या लेखनात ते नाही. रागवू नकोस, पण मला ते खटकलं.

एक सुचवतो. डिपॉझिटची तारीख यायच्या आत दोन आठवडे हे कर. रोज संध्याकाळी शेडमध्ये फिर, अर्धवट पॅनल मोज. प्रत्येकावर मास्किंग टेप लाव, त्यावर तो शेडमध्ये आल्याची तारीख मार्करनं लिही. रोज किती डिस्पॅच होतात ते लिही. कुणाची परवानगी लागत नाही, टेपचा एक रोल लागतो. ऐरोलीच्या ताईंनी दिलेलं सूत्र लाव. अडलेल्या प्रत्येक पॅनलपाशी वायरमनला विचार, कशासाठी थांबलाय, आणि त्याच्याच शब्दांत लिही.

दोन आठवड्यांनी तुला कळेल की तुला ही विद्या शिकायची आहे, की रबाळ्यातून फक्त बाहेर पडायचं आहे. दुसरं असलं तरी त्यात कमीपणा नाही, या पट्ट्यात ४१ हजारांवर घर चालवणं मी बघितलेलं आहे. पण त्यासाठी मामाचं घर नको.


ऐरोली_सेक्टर_८
गुरुवार, सकाळी ७:०५

टीटीसी काकांशी पूर्ण सहमत. एक नवीन गोष्ट जोडते, कारण माझ्या वेळी हे नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नवीन एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर फी लावली. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या इमिग्रेशन खात्यानं स्पष्ट केलं की तिथेच एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्याचा दर्जा बदलायचा असेल तर ती लागू नाही. म्हणजे तिथे शिकलेल्याला ती थेट बसत नाही. पण सोडतीचा नियमही बदललाय, वरच्या पगार-पातळीला जास्त संधी, आणि नवशिक्याचा पगार खालच्या पातळीत येतो. म्हणून हिशोब तीन वर्षांचाच धरा. तीन वर्षांत कर्जाचा मोठा भाग फिटेल का, एवढंच बघा. त्यापुढचं जे मिळेल ते वरचं.


घणसोली_गाव
गुरुवार, दुपारी १२:३०

धागा वाचनखुणेत साठवला. माझा भाऊ थर्ड इयरला आहे, त्याला वाचायला देतो.


कोपरी_पूर्व
शुक्रवार, रात्री ८:५०

पारसिक, मुलाला धागा दाखवला. दोनदा वाचला त्यानं. म्हणाला, मास्किंग टेपचं मी पण करतो. तळोज्याच्या त्यांच्या प्लांटमध्ये. तुला निरोप दिला आहे.


पारसिक_डोंगर
शनिवार, रात्री १०:४५ (पंधरा दिवसांनी)

उशीर झाला, पण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

टीटीसी काका, रागावलो नाही. उलट त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून गाडीत बसताना स्टेशनबाहेरून टेपचे दोन रोल घेतले.

शेडमध्ये पहिल्या दिवशी ६२ पॅनल मोजले. मला वाटत होतं पस्तीसेक असतील. रोजचा डिस्पॅच सरासरी ४. म्हणजे साडेपंधरा दिवस. सेल्सवाले कस्टमरला आठ दिवसांचा शब्द देतात. चार वर्षं मी रोज सकाळच्या मीटिंगमध्ये उशिराची कारणं सांगत होतो, आणि उशीर मुळातच त्या शेडमध्ये भरून ठेवलेला होता. कारण कुणाचंही असो, बासष्ट उभे असले की पंधरा दिवस लागणारच.

टेप लावल्यावर तिसऱ्याच दिवशी एक गोष्ट झाली. आमचे सगळ्यात जुने वायरमन आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्यांनी मार्कर मागून घेतला आणि तारखेखाली स्वतःच लिहायला लागले: ग्लँड नाही. ड्रॉइंग बदललं. दार वाकडं. टेस्टिंगला जागा नाही. मी विचारायच्या आधीच. दोन आठवड्यांत ४४ कारणं जमली, त्यातली १९ पन्नास रुपयांच्या आतल्या वस्तूंची. ग्लँड, स्लीव्ह, लग, फेरूल, तिकोनी की. मी त्यांची यादी करून स्टोअरला दोन डब्यांची पद्धत सुचवली. एक डबा रिकामा झाला की तोच इंडेंट, सही लागत नाही. मॅनेजरांनी आधी नाही म्हटलं. मग ते शेडमध्ये गेले, टेप वाचत वाचत शेवटच्या खांबापर्यंत चालत गेले, आणि परत येऊन हो म्हणाले. सोमवारपासून सुरू आहे. नवीन जॉब शेडमध्ये सोडणं कमी करा, हे मात्र अजून पटलेलं नाही. माणसं रिकामी बसतील अशी भीती आहे. शेडमध्ये आज ५३ आहेत.

कोपरीच्या दादाशी रोज रात्री बोलणं होतं. त्याच्याकडे तळोज्याला ड्रम मोजायचे आहेत, पॅनल नाहीत, पण प्रकार तोच. एक्सेल शीट त्यानंच बनवून दिली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली.

आता निर्णय. विद्यापीठाचं उत्तर आलं, कोड १५.१५०१ आहे. मी प्रवेश एक वर्षानं पुढे ढकलायची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली, फक्त निम्मं डिपॉझिट आत्ता भरावं लागलं, ते माझ्या पैशांतून भरलं. या वर्षात टाटा एंडोमेंटला अर्ज, नोव्हेंबरात कॅट, आणि रविवारी जर्मनचा क्लास लावलाय ठाण्यातच. वाशी_खाडीपूल, तुम्ही सिलॅबसची पानं जोडली होती त्याचा नमुना मिळाला तर फार उपकार होतील. वर्षभरात घर तारण न ठेवता जितकी रक्कम उभी राहील त्यात जे बसेल तिकडे जाईन, आणि नाहीच बसलं तर पवई.

मामीला जाऊन सगळं सांगितलं, हप्त्याच्या आकड्यासकट. तिनं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि म्हणाली, कागद मीच दिले होते त्याच्याकडे. मला हे माहीत नव्हतं. मी कागद परत करायला घेऊन गेलो होतो, तिनं घेतले नाहीत. म्हणाली, वर्षानं लागले तर पुन्हा कशाला हेलपाटा. आईच्या कपाटात आहेत, तीच पिशवी, तेच रबर.

ऐरोली ताई, सूत्र तुमचं. विषयांच्या याद्या घेऊन एकदा भेटता येईल का? कोपरीच्या दादालाही यायचं आहे.


ऐरोली_सेक्टर_८
रविवार, सकाळी ६:५०

पुढच्या रविवारी साडेदहाला, ऐरोली स्टेशनच्या पूर्वेला. याद्या छापून आणा, मोबाइलवर नको, खुणा करायच्या आहेत. आणि टेपवरच्या त्या ४४ कारणांचे फोटोही.


टीटीसी_१९९४
रविवार, सकाळी ९:१०

मीही येतो. बासष्टाचे त्रेपन्न कसे झाले ते मला दाखव, आणि माणसं रिकामी बसतील म्हणतात त्याचं काय करायचं ते बोलू. आमच्याकडे त्यावर आठ महिने वाद झाला होता.